हळू काडतुसांची रायफल

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. शस्त्रांच्या घराण्यात जन्म घेणं ही मोठी जबाबदारी असते. माझ्या नात्यागोत्यातल्या कुणी सरहद्दी राखल्या, कुणी राजवाड्यांच्या दारात पहारे दिले. माझं निम्मं आयुष्य फिनलंडमधल्या एका सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत, टेबलावर सुटी सुटी होऊन पडण्यात गेलं. शेजारी टॉवेल वाळत असत.

माझा जन्म कारखान्यात झाला. तो सगळ्यांचाच होतो, त्यामुळे त्याबद्दल फार सांगत नाही. मी आपोआप भरणारी आहे, एवढं मात्र सांगायला हवं. गोळी सुटली की तिच्याच धक्क्यानं माझा बोल्ट, म्हणजे आतला सरकता दांडा, मागे जातो, रिकामी पुंगळी उजवीकडे उडते आणि पुढचं काडतूस आत येतं. माणसाला फक्त चाप ओढायचा असतो. तौनो साठ वर्षांचा झाला तेव्हा त्याची बायको हिल्क्का हिनं मला भेट म्हणून आणलं. तिला साधी बंदूक घ्यायची होती. पण बरोबर तिचा भाऊ रेइयो होता.

"आपोआप भरणारी घे, ताई," तो म्हणाला. "तुझ्या नवऱ्याचा हात हल्ली कॉफीच्या कपाशिवाय कशाकडे वळत नाही."

त्याच वर्षी घरात तुइस्कू आली. पिल्लू असतानाच तिची आई गेली. तौनोनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. तांबूस अंग, वळलेली शेपटी. तिच्या जातीचे कुत्रे रानकोंबडा झाडावर बसला की खाली उभे राहून भुंकत राहतात, शिकारी येईपर्यंत. तौनोच्या घरात अशी कुत्री तीन पिढ्या होती. त्याला स्वतःचं मूल नव्हतं. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. तो फारसं काहीच बोलून दाखवत नसे.

पिल्लाला आवाजाची सवय व्हावी म्हणून तो आम्हा दोघींना वाळूच्या खाणीत घेऊन गेला. तुइस्कूची दोरी त्याच्या कमरेच्या पट्ट्याला, उजव्या बाजूला. एक गोळी. मोठा आवाज झाला, माझा बोल्ट मागे गेला, गरम पुंगळी उडाली आणि तुइस्कूच्या मानेवरच्या केसांत जाऊन बसली. ती किंचाळून गाडीखाली शिरली. अंधार पडेपर्यंत बाहेर आली नाही.

"आवाजाला भ्याली," रेइयोनं निदान केलं. "बंदुकीला भिणारी कुत्री म्हणजे पाण्याला भिणारा मासा. देऊन टाक कुणाला तरी."

"देणार नाही," तौनो म्हणाला. त्या महिन्यातलं त्याचं ते सर्वांत लांब भाषण होतं.

मला खरं काय ते माहीत होतं. पण माझ्या तोंडातून एकच शब्द निघतो, आणि त्या शब्दावर तर आधीच आळ आला होता.

तौनोनं माझ्या नळीला सायलेन्सर लावला. मग हळू जाणाऱ्या गोळ्यांची काडतुसं आणली, कारण गोळी आवाजापेक्षा मंद असली की हवेत तो कडाका उठत नाही. मी इतकी शांत झाले की झाडावरचा कावळासुद्धा वळून पाहत नसे. पण या काडतुसांचा धक्काही अशक्त. बोल्ट अर्ध्या वाटेवरून परते आणि पुंगळी दारातच उभी अडके, उंबऱ्यात अडलेल्या पाहुण्यासारखी. प्रत्येक गोळीनंतर तौनो ती नखानं उपटून काढी.

आणि तुइस्कू त्याच्या उजवीकडे शांत बसून राही. एकदा तर तिनं जांभई दिली. तौनोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते थंडीवर ढकललं.

इथेच थांबता आलं असतं. पण बायकोनं दिलेली भेटवस्तू अडकते, हे तिला सांगणार कसं? आणि रेइयो होताच.

"तुझी आपोआप भरणारी हातानं भरतोस का रे अजून?"

"तुझी सौना तू लाकडं न घालता तापवतोस का, मेव्हण्या?"

तौनोनं तेल बदललं, कारण तिकडच्या थंडीत तेलाचा डिंक होतो. निरनिराळी काडतुसं आणली. मला घासलं, पुसलं, पुन्हा जोडलं. हिल्क्का दारात येऊन विचारी, "बिघडली का रे?" तो म्हणे, "नाही. साफ करतोय." अशी मी कित्येक हिवाळे साफ होत राहिले. शेवटी शहरातल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्या बाईनं माझ्यात मऊ स्प्रिंग बसवली, अशक्त धक्क्यालाही दबेल अशी.

शिकारीचा हंगाम तोंडावर आला होता; मी अडकत होते म्हणून इतकी वर्षं लांबलेला, तुइस्कूचा पहिलाच. पुन्हा तीच खाण, तोच पट्टा, तीच उजवी बाजू. तौनोनं चाप ओढला. मी चालले. मित्रांनो, काय चालले! एकापाठोपाठ तीन, कुठेही अडले नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याकडे बघून हसला.

तिन्ही पुंगळ्या तुइस्कूवर पडल्या. तिनं मान मागे ओढून गळपट्ट्यातून सोडवली आणि ती जंगलात गेली.

तिथली रीत अशी, की कुत्रा हरवला तर जिथून गेला तिथे आपला कोट अंथरून ठेवायचा. मालकाच्या वासावर कुत्रा परत येतो. तौनोनं कोट अंथरला आणि तो लांब गाडीत बसून राहिला. पहाटे त्यानं पाहिलं तर तुइस्कू कोटावर अंगाचं वेटोळं करून झोपली होती.

तो हळूच उतरला. पण गाडीत बंदूक सोडून जायचं नाही हा त्याचा जन्माचा नियम. त्यानं मला खांद्याला अडकवलं.

तिनं डोळे उघडले. आधी त्याला पाहिलं, तेव्हा शेपटी हलली. मग मला पाहिलं. ती उठली आणि झाडांत निघून गेली. पळालीसुद्धा नाही.

तौनो रोज जात राहिला. पहिलं बर्फ पडलं तेव्हा हिल्क्का स्वतः जाऊन कोट घरी घेऊन आली. कॉलरजवळचे तांबडे केस तिनं झटकले नाहीत.

"ती कुठल्या बाजूला बसायची?" तिनं विचारलं.

"उजव्या."

"आणि पुंगळ्या कुठे पडतात?"

तौनोनं कोटाची कॉलर हातात घेतली. मग म्हणाला, "कॉफी आहे का?" ती उठली, कॉफी ओतली आणि कप त्याच्या हातात देऊन त्याच्याजवळ बसून राहिली.

आता मी कुलूपबंद कपाटात असते. मित्रांनो, आपल्या वस्तूंची निगा राखा, त्यांना वेळच्या वेळी तेलपाणी करा. पण कुणी भीत असेल, तर त्याला सुधारण्याआधी एकदा त्याच्या जागेवर बसून बघा. मी आजही हळू काडतुसांवर एकदाही न अडकता चालते.

तसं पाहिलं तर झाडावर बसलेल्या रानकोंबड्याला एकच गोळी पुरते.