फौजदाराची जागा

जांभळ्या माशाचं नाव नवऱ्याने फौजदार ठेवलं होतं आणि मासा त्या नावाला जागत होता. तळहाताएवढा, चपटा, शेपटीशी वस्तऱ्यासारखा काटा. बैठकीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत कितीतरी वर्षं त्याचंच राज्य होतं. त्यात नवऱ्याला हौस आली आणि त्याने फौजदाराच्याच घडणीची एक लहान पिवळी मासोळी आणली. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, सारख्या अंगाचे मासे एकमेकांना खपत नाहीत." नवऱ्याने ऐकलं नाही. दुसऱ्याचं ऐकायचं नाही, हा त्याच्या घराण्याचा बाणाच होता.

पहिल्याच संध्याकाळी फौजदाराने पिवळीला काचेशी कोंडलं. ती पंपामागच्या फटीत शिरली ती बाहेर येईना. वाळलेल्या शेवाळाचा तुकडा चिमट्याने काचेला लावला की फौजदार तो खायचा आणि पिवळी लांबून बघायची. तिच्या परांच्या चिंध्या झाल्या होत्या.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. गिऱ्हाइकांशी बोलणं लोण्यासारखं, घरी आला की राग नाकावर. हात कधी उचलला नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, जणू त्यासाठी त्याचा सत्कार व्हायला हवा होता. त्याची खुर्ची बैठकीच्या मधोमध. तिथून टाकी दिसायची, बाहेरचं दार दिसायचं, स्वयंपाकघर दिसायचं आणि लेकीच्या खोलीचं दारही. त्या खुर्चीसमोरून गेल्याशिवाय घरात कुणाला पाणीसुद्धा पिता यायचं नाही. "कुठे निघालीस? हे काय घातलंस? पुन्हा खायला? नापास व्हायला एवढी भूक लागते का?" लेक कॉलेजात जाणारी, एरवी बोलकी. हल्ली ती ओट्याशी उभी राहून चार घास गिळायची आणि खोलीत जायची. तिच्या मनगटाचं हाड दिसायला लागलं होतं.

त्याची बायको, लेकीची आई, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. केसाएवढा फरक तिच्या नजरेतून सुटायचा नाही, पण घरात ती इतकी वर्षं मूग गिळून बसली होती. लेकीने मैत्रिणींसोबत राहायला भाड्याची खोली बघितली, तेव्हा तीच म्हणाली होती, "जा बाई. निदान दोन घास सुखाने खाशील." बॅगही तिनेच माळ्यावरून काढून दिली.

त्याच सुमारास नवऱ्याला कामासाठी आठवडाभर दुसऱ्या गावी जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी तो बाह्या सरसावून टाकीत उतरल्यासारखा वाकला आणि त्याने मोठ्या मुश्किलीने फौजदाराला जाळीत धरलं.

"अहो, त्यापेक्षा पिवळीलाच काढा ना," आई म्हणाली. "दुकानात परत देऊन टाका. सुटेल बिचारी."

"लोक हाच गाढवपणा करतात," तो म्हणाला. आवाज चक्क मऊ होता. माशांबद्दल बोलताना तो नेहमी असाच बोलायचा. "मार खाणाऱ्याला बाहेर काढतात. मग मारणाऱ्याला वाटतं, आपण जिंकलो. पुढच्याला तो आणखी छळतो. काढायचं ते दांडगटाला."

फौजदाराला त्याने भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात सोडलं आणि डबा टाकीतच अडकवला. "आता नीट ऐक. चार दिवस तो इथेच राहील. तोवर पिवळीला पोटभर खाऊ दे. मग टाकीतले सगळे दगड हलव. गुहा बदल, वाटा बदल. त्यानंतरच त्याला सोड. बाहेर आला की त्याला आपली जागाच सापडत नाही. पाहुण्यासारखा वागतो."

"आणि तरी नाही सुधारला तर?"

"तर त्याला दुकानात द्यायचं. कितीही लाडका असला तरी. डोळ्यांदेखत लहान जीव मरू द्यायचा का?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. एवढं शहाणपण या माणसाच्या पोटात होतं आणि घरातल्या माणसांच्या वाट्याला त्यातला कणही आला नव्हता. तिला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो नवऱ्याइतकाच स्वतःचाही आला. लेकीला बॅग काढून देणारी तीच होती.

नवरा गेला. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. "पिवळीने खाल्लं का?" लेकीबद्दल त्याने एकदाही विचारलं नाही.

पिवळी दुसऱ्याच दिवशी पंपामागून डोकावली. लेकही खोलीतून बाहेर आली आणि ताट घेऊन टेबलाशी बसली. तिने दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा आईने डाव भरभरून वाढला.

ठरल्या दिवशी तिने कोपरापर्यंत हात पाण्यात घालून दगड हलवले. लेक दिवा धरून उभी होती. फौजदाराला सोडलं तर तो जुन्या गुहेच्या जागी गेला, तिथे मोकळी वाळू. तो गोंधळला, काचेच्या कडेकडेने हिंडत राहिला. पिवळी चार बोटांवरून गेली तरी त्याने मान वळवली नाही.

आईने ओले हात पुसले आणि मागे वळून खुर्चीकडे पाहिलं.

"तिकडून धर," ती लेकीला म्हणाली.

नवरा परतला तेव्हा दोघी जेवत होत्या. तो उंबऱ्यातच थबकला. बैठकीच्या मधोमध आता जेवणाचं टेबल होतं. खुर्ची खिडकीशी, बाहेर तोंड करून ठेवली होती. लेकीच्या खोलीचं दार कपाटाच्या आडोशाला गेलं होतं.

"हे काय? कुणी सांगितलं हे उद्योग करायला?" आवाज चढू लागला.

"तुम्हीच सांगितलंत," ती म्हणाली. "टाकीत बघा, किती छान जमलंय."

त्याने टाकीकडे पाहिलं. पिवळी शेवाळ कुरतडत होती. फौजदार दुसऱ्या टोकाला निमूट फिरत होता. हलवलेल्या दगडांवरून त्याची नजर खुर्चीवर आली, आणि त्याला कळलं. चेहऱ्याचा रंगच उतरला.

"मी काय मासा आहे?"

"माशाशी तुम्ही नीट वागता हो. आम्ही तेवढंच मागतोय."

लेकीचा घास हातातच राहिला होता. टेबलाखाली तिचा पाय हलत होता, पण ताट उचलून ती आत गेली नाही. नवऱ्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्याचं लक्ष दाराशी ठेवलेल्या भरलेल्या बॅगेकडे गेलं. त्याचे खांदे सैलावले. एक छद्मी हसू ओठांवर आलं.

"म्हणजे बाईसाहेब निघाल्याच तर."

"तिची बॅग मी कालच माळ्यावर टाकली," आई म्हणाली. "ही तुमची आहे. कपडे भरून ठेवलेत. जेवायला बसायचं असेल तर हात धुऊन या, ताट वाढते. बॅग मात्र काही दिवस तिथेच राहील."

तिने लेकीच्या ताटात भात वाढला. नवरा प्रवासाची पिशवी खांद्याला लावून तसाच उभा राहिला. कुठे बसायचं, ते त्याला कळत नव्हतं.