कुशीवर वळलेला फोन

माझं डोकं लवकर तापतं. घरात सगळ्यांना ते माहीत आहे, बाबांना जरा जास्तच, कारण हा गुण त्यांच्याकडूनच आलाय.

अर्धांगवायूचा झटका आला आणि बाबांची वाचा गेली. डाव्या हाताने अक्षरं दाबायची, फोन ते वाक्य मोठ्याने बोलणार, असं अ‍ॅप मी त्यांच्यासाठी बनवलं. ऑफिसात दहादा तपासलं. घरी मात्र तीन दिवस एकच रडगाणं. बाबांनी अर्धं वाक्य लिहिलं की ते गायब!

"तुम्हीच काहीतरी दाबताय, बाबा! नीट बघून लिहा ना!" मी खेकसले.

बाबांनी फोन उशीखाली सारला आणि भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी फोनला हातच लावला नाही. त्यांना बोलायचे धडे द्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "आत्ता त्यांनी सोडून दिलं, तर कायमचे गप्प होतील." मी फोन घेऊन खुर्चीत बसले आणि अ‍ॅप पुन्हा तपासलं, तर सगळं ठीक चालत होतं.

"अगं शहाणे," आई म्हणाली, "खुर्चीत बसून काय बघतेस? त्यांच्यासारखी आडवी हो की."

झाले आडवी. तीन शब्द लिहिले, पाठ अवघडली म्हणून कुशीवर वळले. फोनही वळला, उभा पडदा आडवा झाला, आणि लिहायची जागा कोरी करकरीत! हात्तिच्या! ऑफिसात आमचे फोन स्टँडवर उभे असतात, तिथे कुशीवर कोण वळणार? फोन वळला की अ‍ॅप पान पुन्हा पहिल्यापासून मांडतं. आधीचा मजकूर जपून ठेव, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. पडदा उभाच राहील असं करणं सोपं होतं, पण मग कुशीवर झोपलेल्या बाबांनी वाचायचं कसं? दुपारभर बसून मजकूर जपायची सोय केली.

"एकदाच, बाबा. माझ्यासाठी."

त्यांनी कपाळाला आठ्या घालून दोन शब्द लिहिले. मग कुशीवर वळले. पडदा फिरला. दोन्ही शब्द जागच्या जागी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, उरलेले शब्द लिहिले आणि बटण दाबलं.

"मी काही दाबलं नव्हतं," फोन बोलला.

माणसाला एवढंच सांगायचं होतं! मला हसू आणि रडू एकदमच आलं. "चुकलंच माझं, बाबा," मी म्हटलं.

पण त्यांचं लक्ष कुठे होतं! ते पुढचं वाक्य लिहायला लागले होते.