पवनबाबांची विभूती आणि शिवगंगेची बंदी

मुरुमच्या बाजारात त्या दिवशी माणसं जोंधळ्याची पोती तशीच टाकून मिरवणुकीत घुसली होती. दुष्काळानं विहिरी तळाला गेल्या होत्या, गुलाल मात्र कमी पडला नव्हता. गावची शिवगंगा राज्य स्पर्धेत पंधराशे मीटरला पहिली आली होती. साखर कारखान्याच्या जीपमध्ये हार घालून उभे होते पवनबाबा, आणि धावलेली पोरगी जीपमागं धूळ खात चालत होती.

"पोरगी धावली न्हाय," बाबा कर्ण्यातून सांगत होते. "तिच्या पायात वारं धावलं. एकोणपन्नास मरुतांपैकी सात तिला दिलेल्या या विभूतीत बांधल्यात. उरलेले पुढच्या अमावस्येला बांधू."

कारखान्याचे चेअरमन आबाराव भक्तिभावानं मान डोलवत होते.

गुलाब बनसोडे मास्तर कडेला उभे राहून हे ऐकत होते. ते शाळेत विज्ञान शिकवत आणि शिवगंगेला माळावर पळवत. स्वतः दम्याचे रोगी. शिट्टी फुंकायलाही श्वास पुरत नसे, म्हणून ताटलीवर चमचा वाजवून शर्यत सोडायचे. कैक वर्षांची ती मेहनत मरुतांच्या नावावर चाललेली पाहून ते बोलणार, तोच नाकात गुलाल गेला आणि उबळ आली. मास्तर पारावर मटकन बसले.

बाबांनी संधी हेरली. गुळाच्या खड्यात चिमूटभर विभूती दाबून त्यांनी मास्तरांच्या तोंडात कोंबली. अर्ध्या तासात छाती मोकळी झाली. देव न मानणारा मास्तर बाबांनी बरा केला, ही बातमी संध्याकाळच्या यष्टीनं उमरग्याला पोचलीसुद्धा.

मास्तर घरी आले ते छाती धडधडत, बोटं थरथरत. रात्री डोळ्याला डोळा लागेना. बायको सरुबाई कूस बदलून वैतागली.

"डाक्टरची गोळी घेतली की असंच होतंय तुमचं. आज पुन्ना घेतली व्हय?"

मास्तर उठून बसले. आज त्यांनी गोळी घेतलीच नव्हती. पण गुळामागून आलेली कडू चव आता आठवली. दम्याची ती गोळी श्वासनळ्या मोकळ्या करते आणि जाता जाता काळजाला चाबूकही मारते, म्हणून खेळाडूंना ती बंद असते.

सकाळी ते शिवगंगेच्या घरी धावले. तिचे वडील चन्नबसप्पा म्हणाले, "पहाटंच गेली की पुण्याला, शिबिराला. संगट बाबांच्या पुड्या हायत." मास्तर मिळेल त्या गाडीनं पुण्याला पोचले, तोवर खेळाडूंची लघवी तपासणीला गेली होती. पुढं निकाल आला. उत्तेजक द्रव्य सापडलं, दोन वर्षं बंदी.

बाबा डगमगले नाहीत. "शिबिरात पोरीनं अंडं खाल्लं. वारं बिथरलं." ज्यांनी गुलाल उधळला तेच आता तिला बघून दार लोटून घेऊ लागले. चन्नबसप्पांनी स्थळं पाहायला सुरुवात केली.

"सर, म्या तर राखच खाल्ली," शिवगंगा म्हणाली. "राखंला बंदी असतीया का?"

मास्तरांनी खेळाच्या संघटनेकडं दाद मागितली. चौकशीला निरीक्षक आले आणि सोसायटीच्या गोदामात सारं गाव जमलं. बाबा शाल पांघरून पुढं बसले.

"महाराज, विभूतीत औषध आहे का?" मास्तरांनी विचारलं.

"गाईच्या शेणाची राख आन मंत्र. औषधाला आमी शिवतबी न्हाय."

"म्हणजे कितीही खाल्ली तरी अपाय नाही."

"अमृतानं अपाय व्हतोय व्हय?"

शिवगंगेकडं उरलेल्या पुड्यांपैकी एक मास्तरांनी निरीक्षकांना दिली. बाकीच्या पेल्यातल्या पाण्यात ढवळल्या आणि पेला बाबांपुढं ठेवला. बाबांनी पेल्याकडं असं पाहिलं, जसं शाळेतलं पोर एरंडेलाकडं पाहतं.

"आज उपास हाय आमचा."

"राखेनं काय उपास मोडतोय?" हे आबाराव होते, आणि पूर्ण श्रद्धेनं बोलत होते. "घ्या की महाराज. दावा लोकांना."

बाबा त्यांच्या कानाशी वाकले. पण कर्ण्यावर तयार झालेला गळा, हळू बोलणं त्याला कुठलं जमतंय? "चेअरमनसाहेब, मला बीपी हाय. डाक्टरनं असल्या गोळ्यांना मनाई केलीया."

मग मागच्या बाजूला एक म्हातारी खुदकन हसली आणि तो हशा पुढं पुढं सरकत आबारावांपर्यंत आला. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं.

निरीक्षकांनी पुडी तपासायला नेली. काही दिवसांनी ते निकाल घेऊन परतले, तेव्हा गोदाम पुन्हा भरलं. राखेत दम्याच्या गोळ्यांचा चुरा निघाला होता. कडूपणा झाकायला गूळ, आणि शंका झाकायला मंत्र. एवढाच तो चमत्कार.

शिवगंगेची बंदी मात्र उठली नाही. दोनाची एक झाली.

"शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार," निरीक्षक म्हणाले. "नियम आहे."

"आणि बाबांना किती वर्षं?" मास्तरांनी विचारलं.

"ते खेळाडू नाहीत. त्यांना नियम लागू नाही."

नियम लागू नसलेले बाबा तोवर कर्नाटकच्या हद्दीत पोचले होते.

शिवगंगेनं राज्य स्पर्धेचं पदक आणून निरीक्षकांच्या हातात ठेवलं. "दुसरी आली तिला द्या हे."

"अगं, पाय तुझेच होते," मास्तर म्हणाले.

"व्हय सर. पर त्या दिशी किती पाय पळाले आन किती गोळी पळाली, ते म्या कसं सांगू? त्या पोरीचं तर समदं तिचंच हुतं."

निरीक्षकांना यावर नियम सापडला नाही. पोरीची एका वर्षाची नवी बंदी त्याच दिवशी सुरू झाली, आणि सराव दुसऱ्या दिवशी.

गर्दी पांगायच्या आत मास्तर पोत्यांच्या थप्पीवर चढले. "राखेत ताकद असती, तर आयुष्यभर चुलीपुढं बसलेल्या आपल्या बायका साऱ्या देशात पहिल्या आल्या असत्या. तुम्हाला फसवलं यात लाज नाही. विचारलं नाही, यात आहे. पोरीनं, तिच्या बापानं, चेअरमननं, कुणीच विचारलं नाही. शिक्षा एकटीला झाली. म्हणून उद्या कुणी पुडी पुढं केली, मग तो भगव्यातला असो की पांढऱ्या कोटातला, हिच्यात काय आहे हे आधी विचारा. आणि देणाऱ्याला म्हणावं, पहिली चिमूट तुमची."