काटा साठावर होता

ओर्मोन दारात आला तेव्हा साइरागुल वजनमापं तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत, मटणबाजारातून आलेल्या एका तराजूवर वजनं चढवत होती. टोपी हातात धरून तो उंबऱ्याबाहेरच थांबला. एरवी आरडाओरडा करत येणारा माणूस. बावीस वर्षं तो शहर ते उच-बुलाक प्रवासी व्हॅन चालवत होता, आणि ज्या हिवाळ्यात साइरागुलच्या आईच्या छातीत कळ आली, त्या हिवाळ्यात खिंडीतल्या गुडघाभर बर्फातून त्यानंच तिला इस्पितळात पोचवलं होतं. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो साइरागुलला 'एजे' म्हणे.

"आत ये की. चहा टाकते."

"चहा नको, एजे. काम आहे, आणि जरा अवघड आहे."

त्यानं दोन कागद टेबलावर ठेवले. एक पोलिसांची नोटीस: शाळेच्या वळणावर त्याच्या पांढऱ्या व्हॅनचा फोटो, खाली आकडा त्र्याऐंशी, मर्यादा साठ. दुसरा, वेग मोजणाऱ्या त्या यंत्राच्या तपासणीचा दाखला. दाखल्याच्या तळाशी निळ्या शाईत साइरागुलची सही होती.

"वर्षातला तिसरा दंड हा," ओर्मोन म्हणाला. "पहिले दोन माझेच. चुकलो, भरले. तिसऱ्याला सहा महिने परवाना जातो. पण एजे, त्या दिवशी गाडीचा काटा साठावर होता. माझी भाची जाते त्या शाळेत, तिथं मी गाडी पळवीन? खोटं बोलत असेन तर घरातला नान मला शापो."

अन्नाची शपथ तो सहज घेणारा नव्हता.

"कोर्टात अर्ज टाकलाय. वकील म्हणतो, यंत्रच बिघडलेलं आहे असं म्हणू. मी हो म्हटलं. मग दाखल्यावर तुमचं नाव वाचलं आणि जीव खाली-वर व्हायला लागला. तुमच्या हाताखालून गेलेलं यंत्र खोटं कसं बोलेल? म्हणून आलो. तुम्ही फक्त माझ्या तोंडावर म्हणा, 'ओर्मोन, मी तपासलंय.' आजच्या आज अर्ज मागं घेतो."

साइरागुलच्या हातात दोन किलोचं वजन होतं. ते तिनं खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"कागद बघून सांगते," ती म्हणाली.

कागद बघायची काही गरज नव्हती. एप्रिलमधली ती दुपार तिला लख्ख आठवत होती. रडार तपासायला प्रयोगशाळेत एक पेटी असते. समोरून अमुक वेगानं गाडी चालली आहे असा भास ती यंत्राला करून देते. सत्तरचा भास दिला की यंत्रानं सत्तर सांगायला हवं. ती पेटी फेब्रुवारीत बिघडली आणि दुरुस्तीला राजधानीत गेली, ती परत आलीच नाही. तेवढ्यात पोलिसांची अकरा यंत्रं येऊन पडली. त्यांच्या जुन्या दाखल्यांची मुदत त्या आठवड्यात संपत होती. एसेनबेक, तिचा वरिष्ठ, तिच्याहून बारा वर्षांनी लहान, दाखल्यांचा गठ्ठा घेऊन आला होता. "दोन वर्षांपूर्वीची नवीकोरी यंत्रं आहेत, एजे. गेल्या वेळी सगळी बरोबर निघाली होती. पेटी आली की मागून बघून घेऊ." तिनं अकरा सह्या केल्या. शेवटच्या सहीला पेनाची शाई संपत आली होती, तर तिनं पेन झटकून ती पूर्ण केली.

ओर्मोन गेल्यावर ती वरिष्ठाच्या खोलीत गेली. एसेनबेकनं सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटलं.

"एका व्हॅनवाल्यासाठी?"

"त्यानं विचारलं, तपासलंय का म्हणून."

"मग सांगा, तपासलंय. दाखला आहे ना? एजे, निवृत्तीला चार वर्षं राहिली तुमची. आणि माझी तर सुरुवात आहे. त्या ड्रायव्हरांचं काय ऐकता? यांचा काटा कायम साठावरच असतो!"

शेवटचं वाक्य त्यानं टोमणा म्हणून मारलं, पण साइरागुलच्या मनात ते रुतून बसलं. काटा. रडारबद्दल तर तिनं रात्रंदिवस विचार केला होता, पण ओर्मोनच्या काट्याची तपासणी तरी कुणी केली होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टॉपवॉच खिशात टाकून स्टँडवर गेली आणि त्याच्या शेजारच्या जागेवर बसली. व्हॅन भरली होती. मागं दोन बायकांच्या मांडीवर बटाट्यांची पोती, कुणाच्या तरी पिशवीत जिवंत कोंबडी. गावाबाहेर सरळ रस्ता लागला तसं ती म्हणाली, "काटा साठावर धर. अजिबात हलू देऊ नकोस."

"कशाला, एजे?"

"धर म्हटलं ना."

किलोमीटरचा दगड आला, तिनं बटण दाबलं. पुढचा दगड येईपर्यंत ती काट्याकडे बघत होती. काटा साठावर खिळल्यासारखा होता. ताशी साठ म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. यात चुकायला जागाच नाही. दगड आला. त्रेचाळीस सेकंद. तिनं पुन्हा मोजलं, चव्वेचाळीस. तिसऱ्यांदा, पुन्हा त्रेचाळीस.

"किती?" ओर्मोननं विचारलं.

"बाजूला घे."

मागून एक म्हातारी करवादली, "आता काय झालं? बाजार उठेल माझा!" ओर्मोननं व्हॅन जर्दाळूच्या झाडाखाली उभी केली. साइरागुलनं घड्याळ त्याच्यासमोर धरलं. शाळा फार न शिकलेला माणूस, पण रस्त्याचं गणित त्याला तोंडपाठ होतं. त्याचा चेहरा उतरत गेला.

"गाडीत काय बदललंस?"

"मागचा एक्सल," तो हळूच म्हणाला. "गेल्या हिवाळ्यात मोडला. दुसऱ्या गाडीचा बसवला, भंगारवाल्यानं दिला. काटा गिअरबॉक्सचे फेरे मोजतो, आणि या एक्सलवर तेवढ्याच फेऱ्यांत चाकं जास्त पळत असणार. चढाला जरा दमायची, सरळ रस्त्याला पाखरू. मला वाटलं, रस्ता नवा झालाय म्हणून लवकर पोचतोय." तो थांबला. "लोक कौतुक करायचे, एजे. ओर्मोनच्या गाडीत बसलं की पंधरा मिनिटं वाचतात म्हणायचे. आणि शाळेचं वळण… एवढे महिने मी त्या पोरांच्या अंगावरून ऐंशीनं…"

मागे कोंबडी ओरडत होती.

"दंड भरतो," तो म्हणाला. "परवाना गेला तर गेला. पण मी खोटं नव्हतो बोललो."

"नव्हतास."

"आणि यंत्रही खोटं नव्हतं. तुम्ही तपासलेलं ते. माझंच…"

इथंच गप्प राहिली असती तर सगळं मिटलं असतं. आकडा खरा होता, दंड रास्त होता, सहीवर कुणी बोट ठेवलं नसतं. पण त्याच्या तोंडून 'तुम्ही तपासलेलं' पुन्हा ऐकणं तिला सहन झालं नाही.

"नाही तपासलं मी, ओर्मोन."

त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता, पण त्याहून वाईट काहीतरी होतं. मग गिअर टाकला, काटा चाळिसावर धरला आणि उच-बुलाकपर्यंत तिथंच ठेवला.

अर्ज त्यानं मागे घेतला नाही. का, ते तिनं कधी विचारलं नाही. सहा महिने घरात चूल कशी पेटणार, हा प्रश्न त्याच्या बायकोनं विचारला असणार आणि वकिलानं उत्तर दिलं असणार. साइरागुलला कोर्टाचं गुरुवारचं बोलावणं आलं.

आदल्या संध्याकाळी तिनं दोन्ही उत्तरं मनात म्हणून पाहिली. 'तपासलं' म्हटलं तर खोट्याच्या वाटेनं खरा दंड बसत होता. 'नाही' म्हटलं तर खऱ्याच्या वाटेनं चुकलेला माणूस सुटत होता. कुठल्याही पारड्यात टाकलं तरी काटा मध्ये येत नव्हता. सकाळी तिनं डोक्याला नवा रुमाल बांधला आणि गेली.

कोर्टाची खोली लहान होती. न्यायाधीश बाई सर्दीनं बेजार झाल्या होत्या. पोलिसांकडून आलेला लेफ्टनंट पंचविशीचा, कडक इस्त्रीतला.

"या दाखल्यावरची सही तुमची?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"माझी."

"त्या दिवशी यंत्राची तपासणी तुम्ही केली होती?"

लेफ्टनंट पेनाशी खेळत होता. ओर्मोन जमिनीकडे बघत होता.

"नाही," साइरागुल म्हणाली. "तपासायची पेटी नव्हती. अकरा यंत्रं होती. एकही तपासलं नाही. सह्या केल्या."

लेफ्टनंटचं पेन थांबलं. "बाई, कळतंय का काय बोलताय ते? का या माणसाशी काही नातं आहे तुमचं?"

"नातं नाही. आणि एक सांगायचंय. मी स्वतः याच्या गाडीत बसून…"

"विचारलं तेवढंच," न्यायाधीश बाईंनी रुमालातून सांगितलं. "गाडीबद्दल या कागदांत काही नाही."

साइरागुलनं ओर्मोनकडे पाहिलं. उठून बोलायचं तर हीच वेळ होती. त्याची टोपी हातात गोल फिरली, पुन्हा फिरली. तो उठला नाही.

दंड रद्द झाला. तपासणीच्या प्रकरणाची चौकशी व्हावी असा शेराही मारला गेला. बाहेर पायऱ्यांवर ओर्मोन तिच्या बाजूला येऊन उभा राहिला, पण तोंड दुसरीकडे करून.

"मी उठायला पाहिजे होतं, एजे."

"पाहिजे होतं," ती म्हणाली. त्याला बरं वाटेल असं काही तिच्याजवळ नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिला कामावर यायला मनाई झाली. एसेनबेकनं किल्ल्या मागून घेतल्या. "मलाही खड्ड्यात घातलंत," एवढंच म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरका झाला तेव्हा तिला तो पोरगेलासा वाटला.

बातमी शहरभर झाली. आठवड्याभरात तिच्या फाटकाशी एक काळी जीप थांबली. उतरलेल्या माणसाला ती ओळखत नव्हती. त्यानं हसत हसत मिठाईचा मोठा डबा पुढे केला. "तुमच्या उपकाराची फेड कशी करू, एजे? माझाही दंड रद्द झाला. एकशे बेचाळीस दाखवत होतं, त्याच शाळेपाशी!"

"आणि काटा होता का एकशे बेचाळीसवर?"

तो मोकळेपणानं हसला. "आता कुणाला ठाऊक? यंत्रच तपासलेलं नाही ना!"

डबा तिनं घेतला नाही. तो फाटकावर ठेवून निघून गेला. शेजारणीनं तो उचलला तोवर ती खिडकीशीच उभी होती.

अकरा यंत्रं राजधानीत तपासली गेली. दहा अचूक निघाली. एक सरळ नऊनं जास्त दाखवत होतं. ते कुठल्या नाक्यावर होतं आणि किती जणांनी मुकाट्यानं पैसे भरले, हे कुणी मोजलं नाही. ओर्मोनची व्हॅन टिपणारं यंत्र दहांतलं होतं.

ओर्मोननं एक्सल बदलला. त्यापायी गाय विकावी लागली. आता त्याचा काटा साठ म्हणतो तेव्हा साठच असतात, आणि उच-बुलाकला पोचायला पूर्वीइतकाच वेळ लागतो. लोक दुसऱ्या व्हॅनमध्ये बसतात. "ओर्मोन म्हातारा झाला," म्हणतात. एकदा तो पोलीस ठाण्यात तो रद्द झालेला दंड भरायला गेला होता. खिडकीतल्या बाईनं संगणकात पाहिलं आणि म्हणाली, तुमच्या नावावर काहीच नाही, रांग सोडा. हे त्यानं स्वतः येऊन साइरागुलला सांगितलं. चहा घेतला, नानचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

चौकशीचा अधिकारी पहिल्या बर्फाच्या सुमारास आला. राजधानीचा, थकलेला, सौजन्याचा माणूस. अकरा यंत्रांचं सगळं त्यानं लिहून घेतलं, तिची सही घेतली, पिशवी आवरायला लागला. जाता जाता, रीत म्हणून, त्यानं विचारलं, "सव्वीस वर्षांत आणखी काही न तपासता सही केल्याचं आठवतं?"

साइरागुलनं डोळे मिटले. एका पावसाळी वसंतातलं पेट्रोल पंपाचं मोजमाप. धान्यगोदामाचा मोठा काटा, त्या दिवशी वजनांचा ट्रक चिखलात रुतला होता. दवाखान्यातली तान्ह्या बाळांना तोलायची तराजू. ती तपासली होती की नाही?

"बसा," ती म्हणाली. "वेळ लागेल."

अधिकाऱ्यानं पिशवी पुन्हा खाली ठेवली आणि कोरा कागद काढला.