बनुबाईचा दगड

डिझेलमध्ये बुडवलेल्या चिंधीनं माझे वडील, अण्णा, दगडावरचा शेंदूर पुसत होते आणि त्यांच्या मागे वीरधवल आणि त्याच्या तरुण मंडळाची सात-आठ पोरं उभी होती. मी सांगलीच्या सकाळच्या एसटीनं येऊन नुकतीच वस्तीवर पोचले होते. खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

"फौजी आबा, शेवटचं सांगतोय. देवाला हात लावू नका," वीरधवल म्हणाला.

"देव न्हाई त्यो. धोंडा हाय. वड्यातनं मीच आणलाय," अण्णा म्हणाले. मान वर केली नाही.

"तुमी आणला, पन पावला आमाला. ह्यो सिद्धू फौजेच्या भरतीत लागला का न्हाई? आदल्या दिवशी हितंच डोकं टेकून गेलता."

"सिद्धू पळून लागला. वरीसभर रोज पाचला उठून पळतंय पोरगं. त्यात धोंड्यानं काय केलं?"

म्हसोबा कसा होतो हे आमच्या औंधाकडच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. बांधावर वेगळासा दगड दिसला की कुणीतरी शेंदूर लावतं, दुसरा नारळ फोडतो, तिसरा नवस बोलतो. आमच्या बांधावर तर साठ दगड ओळीनं मांडलेले. सिद्धूचं नाव यादीत लागलं आणि पंधरा दिवसांत साठही दगड लाल झाले. आता त्यांच्यावर पत्र्याची शेड घालायची म्हणून लोखंडी अँगल आणून टाकले होते. गावाला तरी किती बोल लावायचा? म्हातारा माणूस ओढ्यातून दगड आणतो, बांधावर ठेवतो, आणि रोज सकाळी त्यांच्यासमोर तासभर गप्प बसतो. बघणारा काय समजेल?

ते दगड कशाचे होते हे मला माहीत होतं. गावात दुसऱ्या कुणाला माहीत नाही, अशी माझी समजूत होती.

माझे वडील नाथाजी, फौजेतले नाईक. गावात त्यांना मान होता आणि आमच्या घरात त्यांचा पट्टा होता, पितळी बक्कलाचा. सुट्टीवर आले की दोन दिवस लाड, तिसऱ्या दिवशी बाटली निघायची आणि पट्टाही. भाकरी करपली, दार उघडायला उशीर झाला, आई माहेरच्या माणसाशी हसून बोलली, काहीही पुरायचं. पेन्शनीत आल्यावर तर तिसऱ्या दिवसाची वाटही बघावी लागत नव्हती. मी कणगीमागे बसून कानांत बोटं घालायची. आई ओरडायची नाही, पट्टा तेवढा ऐकू यायचा. मी नर्स झाले ती सेवाबिवा करायला नाही. त्या घरातून सगळ्यात लवकर बाहेर पडायचा तो रस्ता होता, म्हणून झाले.

चार वर्षांपूर्वी आईला दम लागायला लागला. अण्णा तिला मी काम करते त्या दवाखान्यात घेऊन आले. डॉक्टर नवा, कोवळा पोरगा. पडद्यावर छातीचा फोटो दाखवत म्हणाला, "आजी, ह्या तीन बरगड्या कधीतरी मोडून आपोआप जुळल्यात. पडला होता का?"

"व्हय. पायरीवरनं पडले हुते," आई म्हणाली.

अण्णा तिच्या शेजारी उभे होते. ते पडद्याकडे बघत राहिले. परतीच्या एसटीत अर्धी बाकं रिकामी होती, तरी ते घरापर्यंत उभ्यानं गेले.

त्या दिवसापासून दारू सुटली. पट्टा त्यांनी कापून त्याचे तुकडे केले आणि विहिरीत टाकले. मग कुणाच्या तरी नादानं एका बुवाकडे गेले, माळ घातली आणि महिन्याभरात परत करून आले. मला म्हणाले, "बुवा म्हनतोय, शरन जा, सगळं धुऊन निघंल. धुऊन निघालं तर माझ्यापाशी ऱ्हाईल काय? आन् मार खाल्ला हिनं. माफ करनारा त्यो कोन?" त्यानंतर ते कुठल्याच देवळाची पायरी चढले नाहीत. दगड आणायला लागले. एकेक मार आठवायचा, त्याच्या मापाचा दगड ओढ्यात शोधायचा, खांद्यावर आणायचा आणि बांधावर ठेवायचा.

गेल्या दिवाळीत त्यांनी मला ओळ दाखवली. हा अमुक सालच्या शिमग्याचा, हा तुझ्या बारशाचा. माझं डोकं फिरलं. मी विचारलं, "दगड मांडून वळ जातात होय?"

"जाऊ नयेत म्हनूनच मांडतोय, संयू."

"आईला सांगितलंत?"

"न्हाई. तिला सांगितलं तर ती म्हनंल, जाऊ द्या. मला त्ये ऐकायचं न्हाई."

तर असा हा आमचा म्हसोबा.

वीरधवलनं चिंधी हिसकावली. अण्णांनी ती परत घेतली. एवढंच झालं आणि मागून कुणाची तरी काठी त्यांच्या पाठीत बसली. खोटं कशाला बोलू, पहिल्या काठीला मला बरं वाटलं. कणगीमागची पोरगी इतकी वर्षं ह्याच आवाजाची वाट बघत होती.

अण्णांची मूठ वळली. सत्तरी उलटली तरी त्या मुठीत एखाद्याचा जबडा ढिला करण्याची ताकद आहे, आणि ती मूठ मी लहानपणापासून ओळखते. वीरधवलही एक पाऊल मागे सरला. पण अण्णांनी मूठ उघडली, तळवा मातीवर टेकला आणि दुसऱ्या हातानं पुन्हा दगड पुसायला लागले.

"मारा. शेंदूर ऱ्हानार न्हाई."

मग मात्र पोरांना चेव चढला. काठ्या, लाथा. एकानं शेडचाच अँगल उचलला आणि तो खांद्यावर बसला तेव्हा गळपट्टीचं हाड मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. माझ्या धंद्यात तो आवाज ओळखता येतो. अण्णा तोंडावर पडले, ओठ दगडावर फुटला आणि पुसलेला दगड पुन्हा लाल झाला. मी पिशवी टाकून मध्ये घुसले. कुणीतरी मला ढकललं, मी अँगलांच्या ढिगावर आपटले, कोपर सोलून निघालं.

"अण्णा, सांगा त्यांना हे काय आहे ते," मी ओरडले.

त्यांनी पडल्या पडल्या नाही म्हणून मान हलवली. तेव्हा मला कळलं. सांगायचं म्हणजे आईचं अंग गावापुढं उघडं करायचं. त्यापेक्षा हा माणूस तिथं मरून गेला असता.

"थांब रं वीरू."

आई आली होती. हाताला पीठ तसंच. ती कधी मोठ्यानं बोलत नाही, म्हणूनच बहुतेक पोरं थांबली.

"बनुकाकू, तुमीच सांगा ह्यास्नी. देवाचा कोप हुईल," वीरधवल धापा टाकत म्हणाला.

"सांगते. पाया पडायचं तर पडा, पन कशाच्या पडताय त्ये ऐकून पडा." ती ओळीशी गेली. "हा मोठा बगितला? हा माज्या मनगटाचा." तिनं बांगड्या वर सारल्या. वाकडं जुळलेलं हाड उन्हात दिसत होतं. "ह्यो चपटा, त्या दिवशी दोन दात पडलं. ह्ये तीन जवळजवळ ठेवल्यात, त्या बरगड्या. सिद्धू, तू ज्याच्यावर डोकं टेकलंस न्हवं बाळा, त्या दिवशी मला केसाला धरून विहिरीपतूर फरपटत न्हेलं हुतं. फोड आता नारळ."

सिद्धूच्या हातात काठी होती. ती त्यानं खाली ठेवली, टाकली नाही.

अण्णांनी मातीतून मान उचलली. "तुला... कुनी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? मार मी खाल्लाय," आई म्हणाली. "चार वर्सं सैपाकघराच्या खिडकीतनं बगते. कुटला कवाचा, मापावरनं कळतंय मला."

वीरधवल खाली बघत म्हणाला, "काकू, आमाला म्हाईत न्हवतं."

"गावाला सगळं म्हाईत हुतं. आमचं घर काय रानात न्हवतं तवा, गावातच हुतं. तुज्या आज्जीनंच माज्या वळांवर हळद लावल्याली हाय."

पोरं गेली. अँगल दुपारी टेंपो आणून उचलून नेले. पोलिसांत जाऊ म्हटलं तर अण्णांनी ऐकलं नाही. खांदा बांधून, ओठाला तीन टाके घालून मी त्यांना तालुक्याहून परत आणलं. टाके घालताना भूल नको म्हणाले. मी ऐकलं नाही, भूल द्यायला लावली. तेवढा सूड त्यांना स्वतःवर घेऊ द्यायचा नव्हता मला.

संध्याकाळी आईनं उरलेला शेंदूर स्वतः पुसला. अण्णांशी ती एक शब्द बोलली नाही. जाऊ द्या असंही म्हणाली नाही.

सकाळी उठले तर आई घरात नव्हती. बाहेर आले. अण्णा गळ्यात हात अडकवून बांधावर त्यांच्या नेहमीच्या जागी बसले होते, ओळीच्या शेवटी, वाळल्या गवताचं पिंजर अंथरलेल्या हातभर जागेवर. आणि आई ओढ्याकडून येत होती. डोक्यावर चुंबळ नाही, कमरेवर काही नाही. जवळ आल्यावर दिसलं, ओंजळीत एक दगड होता, गुळगुळीत, लिंबाएवढा.

अण्णांनी ओळीकडे बघितलं, मग तिच्या ओंजळीकडे. त्यांच्या तोंडावरून कळत होतं की ते मनातल्या मनात सगळी सालं धुंडाळतायत आणि सापडत नाहीये.

"ह्यो कवाचा?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या ध्यानात ऱ्हानार न्हाई. लय पेला हुता तुमी," आई म्हणाली. "लाथ पोटात बसली. चवथा म्हैना हुता मला. संयूच्या आधीचं."

मी उंबऱ्यावरच थांबले. पंचेचाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईला मी कितीदा तपासलं, कितीदा जुनी दुखणी विचारून लिहून घेतली, तिनं हे सोडून सगळं सांगितलं होतं. अण्णांच्या घशातून एक आवाज आला. काल अँगल बसला तेव्हासुद्धा तो आला नव्हता.

"सरका," आई म्हणाली.

ते एका हातावर भार देत उठले. आईनं पिंजर बाजूला केलं, पदरानं जागा पुसली आणि जिथं ते चार वर्षं बसत होते तिथं, बरोबर मधोमध, तो दगड ठेवला. मग आत येऊन चूल पेटवली, चहा टाकला.

अण्णा अजून रोज बांधावर जातात. तासभर असतात. आता उभेच राहतात.