गादीखालची फिल्म

डॉक्टर कृष्णमूर्तींच्या स्कॅन सेंटरमध्ये संगणकांचं मी बघते. कुंभकोणमची मोठी शाखा, नाचियार्कोविलची लहान, आणि दोन्हीकडे साठत जाणारी हजारो माणसांच्या पोटाची, मेंदूची चित्रं. ती क्लाउडवर कुठे, किती भाड्याने ठेवायची हे ठरवणारी मी, प्रीति. हुशार म्हणून माझं नाव होतं. त्या हुशारीचंच सांगते.

गेल्या वर्षी भाडं फार वाढलं, तेव्हा मी डॉक्टरांपुढे तक्ता ठेवला. तीन कप्पे. पहिल्याला तेवीस रुपये पडत असतील तर दुसऱ्याला चार. चित्र दोन्हीकडून लगेच मिळतं, फक्त दुसऱ्यातून काढायचे वेगळे पैसे. तिसऱ्याला एकच रुपया, पण तिथून चित्र वर यायला बारा तासांपर्यंत लागतात, आणि जास्त पैसे मोजले तरी त्याहून लवकर येत नाही. टिकाऊपणा तिन्हींचा सारखा, नव्व्याण्णव टक्के आणि दशांशापुढे नऊवर नऊ. हरवणार काहीच नाही.

“जुनी मधल्या कप्प्यात ठेवू या का?” डॉक्टर म्हणाले.

घाबरट माणूस, असं मला वाटलं. मी वर्षाची नोंद काढून दाखवली: दोन वर्षांहून जुनं चित्र मागायला फक्त एकतीस जण आले होते, आणि दुसऱ्या दिवशी मिळालं तरी कुणाचं अडलं नव्हतं. मग चाराऐवजी एक का नको? डॉक्टरांनी मान डोलावली. दोन वर्षं झाली की चित्र तळाच्या कप्प्यात, असा नियम मी लावून टाकला. त्याच झपाट्यात फिल्म छापणंही बंद करवलं.

मेलकावेरीला आमच्या घरी अम्माच्या गादीखाली तिची सहा वर्षांपूर्वीची फिल्म होती. डोकं दुखायचं म्हणून आमच्याच सेंटरमध्ये काढलेली. मेंदूत एक डाग दिसला होता. ‘लहान आहे, लक्ष ठेवावे’ एवढंच रिपोर्टात होतं. आमच्याकडे सगळेच फिल्म गादीखाली ठेवतात, सपाट राहते म्हणून. मी ती ओढून काढली आणि जुन्या फिल्म विकत घेणाऱ्याला दिली.

“माझी फिल्म कोठें नेलीस?” अम्माने विचारलं. घरात आम्ही दोघीच. आमची तंजावरची मराठी बोलायला मला ती एकटीच होती; उंबऱ्याबाहेर सगळं तमिळ.

“अस्की, सगळेंच, क्लाउडांत असे, अम्मा. कधीं हरवत नाही.”

“मज तेथें हात पोंचत नाही की,” ती म्हणाली आणि विस्कटलेली गादी सारखी करत बसली.

आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमारास, एका पहाटे दारात कोलमची रांगोळी घालताना ती कोसळली. हातपाय झटकत होती. आमच्याच सेंटरमध्ये नवं चित्र काढलं आणि नऊ वाजता आम्ही तंजावरला सर्जन राजगोपाल यांच्यासमोर होतो.

“डाग बोलण्याच्या जागेला लागून आहे,” ते म्हणाले. “पूर्वी एवढाच असेल तर मी हात लावणार नाही, औषधावर भागेल. वाढला असेल तर दुपारपर्यंत डोकं उघडायला हवं, सूज चढते आहे. जुनं चित्र दाखवा.”

“रिपोर्टात लहान लिहिलंय.”

“लहान म्हणजे किती?”

मी तिथेच फोनवरून मागणी टाकली. उत्तर मला पाठ होतं, तक्त्यात मीच लिहिलं होतं: बारा तासांपर्यंत. फिल्मवाल्याला फोन लावला. चांदी काढायला फिल्म केव्हाच धुऊन टाकली, म्हणाला.

शेजारी सुंदरपेरुमाळ कोयिल गावचा एक म्हातारा बसला होता. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत आठ-दहा वर्षांच्या फिल्म, कडा पिवळ्या पडलेल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जुनं चित्र मागायला एकतीसच जण आले होते, कारण बाकीच्यांना मागायची गरज नव्हती. त्यांची चित्रं घरात होती. मी न आलेल्यांना मोजलंच नव्हतं, आणि फिल्म छापणं थांबवून गादीखालचा तो साठाच बंद करून ठेवला होता. मला स्वतःची किळस आली.

एक वाजेपर्यंत सर्जन थांबले. मग ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर मी सही केली.

संध्याकाळी सात-चाळीसला चित्र आलं. पूर्ण, एक ठिपकासुद्धा कमी नाही. राजगोपाल यांनी जुनं आणि नवं शेजारी-शेजारी लावून मापलं.

“तेव्हाही एवढाच होता,” ते म्हणाले. ते माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

अम्मा वाचली. बोलणं गेलं. ऐकलेलं तिला कळतं, पण तोंडून शब्द येत नाही, तमिळ नाही की आमची भाषा नाही. आता घरात मी बोलते आणि मीच ऐकते.

मी नियम बदलून जुनी चित्रं मधल्या कप्प्यात आणली. फिल्म छापणंही पुन्हा सुरू झालं. पहिल्या दोन अम्माच्या छापल्या, जुनी आणि नवी, आणि घरी नेऊन तिच्या हातात दिल्या.

“घे, अम्मा. तुझ्याच असत.”

तिने त्या उजेडाला धरून पाहिल्या नाहीत. डाव्या हाताने गादी उचलली, दोन्ही आत सरकवल्या, आणि मी पुन्हा काढून नेऊ नये म्हणून त्यांच्यावर बसून राहिली.