धुनीचं पाणी

मंगळवारी असोद्याच्या त्या केळीच्या बागेत पाय ठेवायला जागा नसायची. कुणाची छाती धडधडते, कुणाचे पाय सुजलेत, सगळे केळीवनबाबाच्या धुनीपुढे. बाबा मनगट धरी, डोळे मिटी आणि गरजे, "गोळ्या म्हणजे विष! फेका त्या! माझं तीर्थ घ्या, काळजाचा घोडा लगामात आणतो!" आणि गंमत अशी, की कधीकधी आणायचाही.

त्या दिवशी बाबाने दाखवायला पुढे बसवला होता द्रौपदाबाईचा नवरा वना. जुनं ब्लडप्रेशर, त्यात किडन्या थकलेल्या. रोज तांब्याभर तीर्थ पिऊन त्याची नाडी अगदी संथ झाली होती. "बघा, समाधीची वाट!" बाबा म्हणाला. जयजयकार झाला. द्रौपदाबाईनेही हात जोडले. तीर्थ तिने पहिल्याच दिवशी चाखलं होतं. चव ओळखीची लागली होती, पण एवढ्या गर्दीत आपणच शहाणपण कशाला करा, म्हणून ती गप्प बसली.

वनाला उठताच येईना. पायांतलं बळच गेलेलं. "हाई समाधी नही!" म्हणत तिने रडतरडत त्याला जीपमध्ये घालून जळगावला नेलं.

डॉक्टरांनी हृदयाचा आलेख बघितला आणि ओरडलेच, "काय पाजलंत यांना?"

"बाबानं तीर्थ, साहेब. धुनीनी राखनं पाणी शे. धुनीमा केळीना खांब जळतस."

डॉक्टर इंजेक्शन भरता भरता म्हणाले, "बाई, त्या राखेत पोटॅशियम असतं, भरपूर. धडधाकट किडनी ते बाहेर टाकते, यांची टाकत नाही. मग रक्तात साठतं. थोडं लागतंच शरीराला, पण फार वाढलं की ठोके मंदावतात, आणि थांबतात. बाबा काळीज शांत करत नव्हता, बंद पाडत होता."

इंजेक्शनं दिली, छाती दाबली. वना गेला.

पुढच्या मंगळवारी बाबा सांगत होता, "वनाला समाधी लाभली! भाग्यवान!" शेजारची कलाबाई सुजलेल्या सासूसाठी तांब्या भरून घेत होती. द्रौपदाबाईने तो हिसकावला.

"चाख, कलाबाई. खरं सांग, काय शे हाई?"

कलाबाईने बोट बुडवलं. मान खाली घालून म्हणाली, "पापडना खार."

तांब्या बायांतून फिरला. उन्हाळ्यात केळीचे खांब जाळून, राख भिजवून, ते पाणी पापडाच्या पिठात घालणाऱ्या बाया या! "मले पह्यलेच कळनं व्हतं वं," एक म्हणाली. "मले बी," दुसरी. प्रत्येकीला वाटलं होतं, आपलीच जीभ चुकली.

"नास्तिक! भस्म होशील!" बाबा किंचाळला.

"मन्हं घर भस्म व्हयी गयं," द्रौपदाबाई म्हणाली. "आते काय ऱ्हायनं?" आणि तिने तांब्या धुनीत ओतला.

मंडळी, छातीत धडधडलं तर डॉक्टर गाठा. आणि जिभेला कळलेलं, मनात आलेलं, तिथल्या तिथे मोठ्याने बोला. द्रौपदाबाई बोलली, पण वना गेल्यावर.